शेवटच्या टाकीतले झालरराव

मी एक म्हातारा मासा आहे. जात सोनेरी, पण आता अंगावर सोनं शोधायला गेलात तर पाठीवरची एक बारीक रेघ तेवढी सापडेल. बाकी सगळा पांढराफटक. शेपटी फाटकी आहे, आणि त्या फाटक्या शेपटीच्या जिवावरच माझं नाव झालं. माशांना काही लक्षात राहत नाही, असं माणसं खुशाल सांगत असतात. सांगू देत. मित्रांनो, मला सगळं लक्षात आहे, आणि तुम्ही काठाशी बसलाच आहात तर सांगून टाकतो.

माझा जन्म शोभेच्या माशांच्या दुकानामागच्या हौदात झाला. तिथल्या मोठ्या माशांकडून मी ऐकलं होतं की आपल्यासारख्यांना दिवाणखान्यात जागा मिळते. काचेची पेटी, तळाशी रंगीत खडे, वर दिवा, आणि पाहुणे आले की आधी आपल्याकडे बघतात. मी त्याच तयारीत होतो. एके दिवशी एक माणूस दुकानात आला आणि म्हणाला, "कुठलेही द्या. जिवंत असले म्हणजे झालं." इतका अपमान माझा आजवर कुणी केलेला नाही. दुकानदारानं घाईघाईनं जाळी घातली. जाळीची तार सुटलेली होती, ती माझ्या शेपटीत अडकली आणि शेपटीच्या चिंध्या झाल्या. दिवाणखाना राहिला बाजूला, आमची वरात निघाली एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात.

मी येण्याआधी या कारखान्याची कीर्ती काही चांगली नव्हती. कापड रंगवून उरलेलं पाणी तो सरळ मागच्या ओढ्यात सोडत असे. आत ज्या रंगाचा माल निघे त्या रंगाचा ओढा वाहायचा. आज लाल, उद्या निळा. खालच्या वस्तीतल्या बायका कपडे धुवायला गेल्या की धुण्याऐवजी रंगवूनच परत यायच्या, आणि पोरं पाण्यात उतरली की आठवडाभर अंग खाजवत बसायची. शेवटी प्रदूषण नियंत्रणाच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या. पाण्यात काय किती असावं याची मर्यादा ठरलेली असते. ती ओलांडली की नोटीस, आणि तरी सुधारणा नाही झाली तर टाळं. बाईंनी नोटीस दिली, वाट पाहिली, मग टाळं लावलं. पाणी शुद्ध करायच्या टाक्या बांधून झाल्या तेव्हाच ते काढलं.

त्यातल्या शेवटच्या टाकीत मासे ठेवायचे, ही अट बाईंचीच. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांना ते जरा पोरकट वाटलं होतं. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "साहेब, कागदावरच्या मर्यादा ओढ्याकाठच्या माणसांना कळत नाहीत. मासा कळतो. तो पोहत असला की पाणी ठीक, उताणा तरंगला की नाही." हे मला पुढे टाकीमामांनी सांगितलं.

टाकीमामा म्हणजे या टाक्या सांभाळणारे. खरं नाव काय होतं कोण जाणे, सगळा कारखाना त्यांना टाकीमामाच म्हणायचा. माणूस बोलका, पण ऐकायला तिथे कोण? म्हणून ते आम्हा माशांशी बोलायचे. पहिल्या टाकीत आज कुठला रंग आला, दुसऱ्या टाकीत चुना आणि तुरटी घातल्यावर दूध नासावं तसं पाणी कसं फाटलं आणि रंग तळाला कसा बसला, तिसऱ्या टाकीत ब्लोअरची हवा सोडल्यावर बुडबुडे कसे उठले, सगळी बातमी मला रोज मिळायची. त्या टाक्या मी कधी पाहिल्या नाहीत, पण आजही मला त्यांचा कोपरा न् कोपरा माहीत आहे. ब्लोअरची घरघर जमिनीतून माझ्या टाकीच्या भिंतीपर्यंत पोचायची. तिची मला इतकी सवय झाली की तिच्याशिवाय झोप येईना.

बाई तपासणीला यायच्या त्या कधी सांगून यायच्या नाहीत. पण त्यांचं पाऊल मी ओळखायचो. त्या एक पाय किंचित ओढत चालायच्या. आधी थेट माझ्या टाकीशी येऊन वाकायच्या. पहिल्यांदाच माझी शेपटी पाहून त्यांना हसू आलं होतं. "याची तर झालर झालीय," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी झालरराव झालो.

"काय झालरराव, आहात ना?" असं म्हणून त्या पाण्यावर बोट टेकवायच्या. मी वर येऊन बोटाला तोंड लावायचो. मग पुढचं काम. बाटली पाण्यात बुडायची, त्याच पाण्यानं विसळली जायची, मग भरली जायची. झाकणावर लाख ओतून सील व्हायचं. लाख वितळवायला त्या मेणबत्ती लावत, आणि टाकीवर वारा हा असायचाच. मग मामा पुढे होऊन दोन्ही तळव्यांची ओंजळ ज्योतीभोवती धरायचे. बाईंनी सांगायची गरज नाही, मामांनी विचारायची गरज नाही. लाखेचा तो जळका गोडसर वास पाण्यावर पसरायचा. माझ्या आयुष्यातल्या सुखाचा वास कोणता, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन.

बाई कारखान्यातला चहा कधी घेत नसत. "मी तुमच्या पाण्याची परीक्षा घ्यायला येते, पाहुणचाराला नाही," म्हणायच्या. स्वतःचा थर्मास आणायच्या आणि तोही बाहेर गाडीत बसून प्यायच्या.

ते दिवस फार चांगले होते. ओढ्याचं पाणी पाण्याच्या रंगाचं झालं. शाळांच्या सहली यायला लागल्या, आणि मॅनेजरसाहेब मुलांना सगळ्यात शेवटी माझ्याकडे आणायचे. फाटकावर माझं चित्र रंगवलं होतं, त्यात शेपटी मात्र अख्खी दाखवली होती. मला ते फारसं आवडलं नाही, पण मोठेपणात अशा गोष्टी चालवून घ्याव्या लागतात. दिवाणखाना मिळाला नाही याचं दुःख मी तेव्हाच विसरलो. ऊन थेट तळापर्यंत यायचं आणि माझं अंग त्यात नव्या नाण्यासारखं चमकायचं.

पुढे ते मॅनेजर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. हे हिशेबाला पक्के. विजेचं बिल पाहिलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि सगळ्यात जास्त वीज खायचा तो ब्लोअर. आधी तो दुपारी बंद राहू लागला, मग रात्री, मग तपासणीचा वास लागल्याशिवाय चालूच होईना. घरघर थांबली तेव्हा मला वाटलं, मामांची तब्येत बिघडली असेल. पण मामा रोज येत होते. फक्त बोलत नव्हते.

पाण्याला आधी वास आला, मग रंग. माझ्या सोबतचे एकेक करून उताणे झाले. त्यांची नावं कुणी ठेवली नव्हती, पण मी त्यांना ओळखत होतो. मी टाकीच्या कडेला तोंड वर काढून हवा ओढत होतो, तेव्हा एका संध्याकाळी मामांनी मला बादलीत उचललं. पंपघराच्या मागे पिण्याच्या पाण्याचा एक निळा ड्रम होता. त्यात मला सोडलं आणि वरून झाकण टेकवलं, मांजर येऊ नये म्हणून.

मामांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना मला वाचवायचं होतं. पण ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांना भलतीच कल्पना सुचली. टाकीत मेलेल्या माशांच्या जागी नवे आणून टाकता येतात, पण झालरराव कुठून आणणार? बाई तर आल्या आल्या मलाच विचारायच्या. साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, "मामा, हा मासा नीट जपा. फाटकावर बाईंची गाडी दिसली की ब्लोअर सुरू करायचा, टाकीत नळाचं पाणी सोडायचं आणि याला आत टाकायचं. त्या गेल्या की परत ड्रममध्ये."

मामा म्हणाले, "साहेब, हे बरं नाही."

"आणि कारखाना बंद पडला तर ते बरं होईल? तुमची मुलगी पॅकिंगला आहे ना आपल्याकडेच?"

मामा मान खाली घालून ड्रमकडे निघाले. आई नसलेली एकुलती एक मुलगी, तिचं लग्न व्हायचं होतं. दोघांची मिळकत याच फाटकातून घरी जात होती.

मित्रांनो, आता विचार करा. ज्या माशाकडे पाहून लोकांनी पाणी ओळखायचं, तोच मासा खोटं बोलू लागला. मी तोंडानं काही बोलत नव्हतो, नुसता पोहत होतो. पण माझं पोहणं हेच माझं बोलणं होतं. बाईंच्या गाडीचा आवाज मामांना पाठ होता. गाडी आली की ड्रमचं झाकण उघडायचं, जाळी यायची, आणि मी नळाच्या पाण्याखाली दडपलेल्या त्या आंबट, काळ्या पाण्यात पडायचो. अर्धा तास कसाबसा निघायचा. बाई वाकून म्हणायच्या, "आहात ना?" मी बोटापर्यंत जायचो. मला वाटायचं यांना कसं सांगू, आणि सांगायला माझ्याकडे होतं काय?

ओढ्यात पुन्हा रंग उतरू लागला होता. वस्तीतल्या बायकांनी ऑफिसात तक्रार केली. पण बाटलीत पातळ केलेलं पाणी जायचं, आणि ते मर्यादेत बसायचं.

मग तो दिवस उजाडला. बाई आल्या, माझ्या टाकीशी वाकल्या आणि त्यांचं नेहमीचं वाक्य अर्ध्यावरच थांबलं. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

"हा असा पांढरा कसा पडला?" त्यांनी विचारलं.

सोनेरी माशाला ऊन मिळालं नाही की त्याचा रंग उतरतो, मित्रांनो. झाकणाखाली महिन्यामागून महिने गेले होते. मला आरसा नाही, मला काय ठाऊक? साहेब आणि मामा मला रोज किंवा आठवड्याला पाहत होते, त्यांच्याही ध्यानात आलं नाही. बाईंनी मात्र मला मधले दोन महिने पाहिलं नव्हतं.

साहेब हसले. "वय झालं मॅडम त्याचं. आमचेही केस पिकले की."

बाईही हसल्या. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली जी कधी केली नव्हती. बाटली बाजूला ठेवली, नळाचं पाणी कुठून येतंय ते पाहून तो नळ बंद करायला लावला, आणि थर्मास काढून टाकीच्या कठड्यावर बसल्या. "नमुना जरा वेळानं घेते. आधी चहा पिते."

त्या चहा पीत होत्या आणि खाली माझा जीव कासावीस होत होता. नळाचं पाणी वाहून गेलं, खालचं वर आलं. मी काठाला लागून तोंड वर काढलं. बाईंचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. मग त्या मामांकडे वळल्या आणि चिडून म्हणाल्या, "काय हाल केलेत याचे, मामा? तुमच्या भरवशावर ठेवला होता ना मी हा? कधी याच्याकडे बघता तरी का?"

मामांचा चेहरा एकदम बदलला. इतकी वर्षं त्यांनी 'पाणी ठीक आहे का' या प्रश्नाला मान डोलवली होती. ते उत्तर त्यांना पाठ झालं होतं. पण आपण माशाची हयगय केली, हे त्यांना सहन झालं नाही.

"असं नका म्हणू मॅडम," ते म्हणाले. "रोज पाणी बदलतो मी त्याचं. ड्रमला शेवाळ धरू देत नाही. घरून कणीक आणून घालतो."

ड्रम हा शब्द त्यांच्या तोंडून निघून गेला होता.

साहेब सगळ्यात आधी सावरले. "टाकी साफ करायला काढली होती ना, म्हणून परवा एक दिवस ठेवला होता ड्रममध्ये. हो ना मामा?"

सुटायला जागा होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "एकच दिवस?"

बाईंनी हे सगळं ठरवून केलं होतं की त्या खरंच चिडल्या होत्या, ते मला आजही कळलेलं नाही. मामांनी साहेबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग खाली माझ्याकडे. मी एका अंगावर कलंडलो होतो.

"आधी मला त्याला बाहेर काढू द्या," मामा म्हणाले. "या पाण्यात तो टिकायचा नाही."

जाळी आली आणि मला उचलून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडलं. मग मामांनी सगळं सांगितलं. ब्लोअर, नळ, ड्रम, सगळं. साहेब मध्येच निघून गेले. बाईंनी वरचं पाणी ओसरलेल्या टाकीतून नमुना घेतला. तो बाटलीत चहासारखा दिसत होता. मेणबत्ती लावली, वारा सुटला होता, ज्योत सारखी विझत होती. मामा पुढे झाले आणि त्यांनी तळव्यांची ओंजळ धरली. त्या बाटलीबरोबर आपली नोकरी चाललीय, हे त्यांना समजत होतं. तरी लाख बसेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

कारखान्याला पुन्हा टाळं लागलं. त्या संध्याकाळी मामा मला बादलीतून घरी घेऊन गेले आणि काचेच्या मोठ्या बरणीत खिडकीशी ठेवलं. शेवटी मला घर मिळालं, पण त्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुलीचंही काम गेलं होतं. शेजारपाजारचे कामगार मामांना पाहून तोंड फिरवायचे. मुलगी मला वेळेवर खायला घालायची, वडिलांचं ताट वाढायची, आणि आत निघून जायची. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा तिनं विचारलं, "बाबा, एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं?"

"इतके महिने गिळतच होतो की," मामा म्हणाले. "पचला नाही, पोरी."

ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून भांडी घासल्याचा आवाज आला, आणि मग तिनंच विचारलं, "चहा टाकू का?" मला त्या घरातला तो पहिला चांगला दिवस वाटतो.

मालकांनी शेवटी नवे ब्लोअर बसवले, साहेबांना हलवलं आणि बाईंच्या ऑफिसनं सांगितलेली सगळी दुरुस्ती केली. टाळं निघालं. कामगारांना बोलावणं आलं. मुलीलाही आलं. मामांना मात्र आलं नाही. "तुमचं वय झालं, आता आराम करा," असा निरोप मिळाला. मामा हसले आणि मला म्हणाले, "बघ, तुझ्याबरोबर मीही पांढरा पडलो."

मुलीनं मग एक गोष्ट केली. पॅकिंगचं काम सोडून तिनं टाक्यांवरचं काम मागून घेतलं. तिथे कुणाला जायचंच नव्हतं, म्हणून ते तिला मिळालं. रोज घरी येताना ती शेवटच्या टाकीतलं पाणी कॅनमधून आणायची. मामा ते हुंगायचे, उजेडात धरायचे, नाक मुरडून ओतून द्यायचे. "अजून नाही," म्हणायचे. मग एके दिवशी ओतून दिलं नाही. थोडं माझ्या बरणीत घातलं आणि रात्रभर उशाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी घातलं. शेवटी माझ्या बरणीत सगळं पाणी टाकीतलंच होतं आणि मी त्यात कणीक मागत होतो.

बाई तपासणीला आल्या तेव्हा टाकी रिकामी होती. त्यांनी काठाशी उभं राहून पाहिलं. कुणाला 'आहात ना' म्हणावं हे त्यांना कळेना. तेवढ्यात मुलगी त्याच सकाळी घरून आणलेली बादली घेऊन आली. त्या बादलीत मी होतो. तिनं बादली अलगद टाकीत कलती केली आणि मला सोडलं.

"बाबांनी पाठवलंय," ती म्हणाली. "म्हणाले, आता टिकेल."

बाईंनी बोट पाण्यावर टेकवलं. मी गेलो. त्या चष्मा काढून पुसत बसल्या. मग बाटली भरली, मेणबत्ती लावली. वारा होताच. मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं पुढे होऊन तळव्यांची ओंजळ धरली. पाण्यावर लाखेचा वास पसरला आणि जमिनीतून ब्लोअरची घरघर आली. मी त्या रात्री खूप दिवसांनी झोपलो.

आता त्यालाही बरीच वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या. मामा गेले. ते गेले त्या दिवशी मुलगी कामावर आली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बराच वेळ माझ्याशी बोलत बसली, अगदी त्यांच्यासारखी. टाकीच्या भिंतीवर आता एक मीटर आहे. तो दिवसरात्र पाण्याचे आकडे ऑफिसकडे पाठवतो. मीटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला झोप लागत नाही आणि कणीकही लागत नाही. पण आता साहेब लोक येतात, मीटरपाशी उभे राहतात आणि निघून जातात. फाटकावरचं माझं चित्रही उन्हापावसानं पुसट झालंय.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या गावामागून एखादा ओढा वाहत असेल तर अधूनमधून त्याच्याकडे जा. सांगून जाऊ नका. सांगून गेलात तर तुम्हाला माझ्यासारखा कुणीतरी पोहताना दाखवतील आणि तुम्ही समाधानानं घरी जाल. अचानक जा, वाकून बघा, आणि जरा वेळ तिथेच बसा. एक कप चहा पिऊन होईल इतका वेळ पुरतो. आणि निघण्याआधी पाण्यावर बोट टेकवून विचारा, आहात ना?

कुणी वर आलं नाही, तर मात्र तिथून हलू नका.